मशीन विकलं तरी घसारा चालूच? गडबड कुठून शोधायची

घसारा म्हणजे वस्तू वापरून जुनी होते म्हणून पुस्तकात तिची किंमत दरवर्षी जेवढी कमी करतो ती रक्कम. त्यातल्या गडबडीची लक्षणं आधी सांगतो, कारण बऱ्याच जणांना काहीतरी चुकलंय हेच ऑडिटच्या वेळी कळतं.

ट्रायल बॅलन्स, म्हणजे सगळ्या खात्यांच्या शिलकांची यादी, काढला की मशिनरीच्या एखाद्या खात्याला क्रेडिट बॅलन्स, म्हणजे उलटी शिल्लक, दिसतो. किंवा एखाद्या वस्तूचा आजवरचा साचलेला घसारा तिच्या मूळ किमतीच्या वर गेलेला असतो. एक्सेलमधल्या असेट रजिस्टरची (मशीन, फर्निचर अशा वस्तूंच्या यादीची) टोटल आणि टॅली ह्या अकाउंटिंग सॉफ्टवेअरमधला आकडा जुळत नाही, आणि फरक दरवर्षी थोडा थोडा वाढत जातो. कधी जीएसटी रिटर्नमधला टर्नओव्हर पुस्तकातल्या विक्रीशी जुळत नाही आणि फरकाची रक्कम अगदी राउंड फिगर असते, पावणेदोन लाख, चाळीस हजार अशी. कधी नफा अचानक फुगतो, शेठ विचारतात एवढा धंदा कधी झाला, आणि बघायला गेलं तर जुन्या मशीनचे पैसे सेल्समध्ये पडलेले असतात. आणि सगळ्यात कॉमन म्हणजे ज्या वस्तूवर आपण अजून घसारा लावतोय ती वस्तू गाळ्यात नाहीच.

मी अंधेरी, साकीनाका, कुर्ला, गोरेगाव ह्या पट्ट्यातल्या छोट्या धंद्यांची अकाउंट्स बघतो, प्रिंटिंगवाले, पॅकेजिंगवाले, टर्निंग मिलिंगचं जॉबवर्क करणारे, दोन चार छोटी ऑफिसं. हा एकच आजार परत परत येतो. लोकांना वाटतं घसाऱ्याचा टक्का चुकलाय, म्हणून ते नेटवर रेट शोधत बसतात. टक्का फार क्वचित चुकतो. चुकतं ते वस्तू आली कधी, आली कितीला आणि गेली कधी, ह्या तीन गोष्टींत, आणि त्यातही "गेली कधी" हे तर अकाउंटंटला कोणी सांगतच नाही. भंगारवाला टेम्पो घेऊन येतो, कामगार माल चढवतात, शेठ कॅश घेतात, आणि वर ऑफिसात बसलेल्या माणसाला पत्ता नसतो. म्हणून शोधायची सुरुवात रेटपासून करू नका, खालच्या क्रमाने जा. सुरुवातीचे चेक फुकटातले आहेत आणि अर्धी प्रकरणं तिथेच सुटतात.

मागच्या वर्षीचं क्लोजिंग आणि ह्या वर्षीचं ओपनिंग

सही झालेला मागच्या वर्षीचा बॅलन्सशीट हातात घ्या, कागदी किंवा पीडीएफ चालेल, पण टॅलीच्या स्क्रीनवरचा नको. त्यातला फिक्स्ड असेटचा तक्ता आणि ह्या वर्षीचं ओपनिंग एकेक ओळ जुळवा. टॅक्स ऑडिट होत असेल तर त्या रिपोर्टमधला घसाऱ्याचा तक्ता पण काढा, तो वेगळा असतो, त्याबद्दल पुढे येतंच.

स्क्रीनवरचा आकडा नको असं म्हणतोय कारण ऑडिट संपल्यावर कोणीतरी मागच्या वर्षाच्या तारखेत एन्ट्री टाकतं, एखादं राहिलेलं बिल, एखादी दुरुस्ती, आणि टॅली गुपचूप ओपनिंग बदलून टाकतं. ओपनिंगच चुकीचं असेल तर पुढचं सगळं गणित बरोबर करूनही उत्तर चुकणार, कारण घटत्या शिलकीच्या पद्धतीत प्रत्येक वर्षाचा घसारा मागच्या शिलकीवर उभा असतो. आणि एक्सेलवाल्यांनी एवढं बघा की वस्तू विकल्यावर कोणी ती ओळच डिलीट केली नाही ना. ओळ कधीच डिलीट करायची नाही, विकल्याची तारीख आणि रक्कम टाकून तशीच ठेवायची, नाहीतर पुढे विचारणाऱ्याला दाखवायला काही उरत नाही.

पैसे कुठल्या खात्यात पडलेत ते बघा

ह्यालाही खर्च नाही. टॅलीत सेल्स, स्क्रॅप सेल, मिसलेनियस इन्कम, पेटी कॅश आणि शेठचं ड्रॉइंग्ज (मालकाने स्वतःसाठी काढलेले पैसे), एवढी खाती वर्षभराची उघडा आणि अनोळखी, राउंड आकडे शोधा. जुना कॉम्प्रेसर, जुना एसी, कटिंग मशीन, ह्यांचे पैसे बहुतेक वेळा ह्यातच सापडतात.

हे महत्त्वाचं का, तर पैसे उत्पन्नात गेले आणि वस्तू पुस्तकातून निघाली नाही की चूक दोन्ही बाजूंनी होते. त्या वर्षी नफा खोटा वाढतो आणि पुढच्या प्रत्येक वर्षी नसलेल्या वस्तूचा घसारा लागून नफा खोटा कमी होतो. बँक लोनसाठी तीन वर्षांचे बॅलन्सशीट मागते तेव्हा हे उगाच वरखाली झालेले आकडे समजावत बसावं लागतं. शेठच्या खिशात गेलेले पैसे तर पुस्तकात आलेलेच नसतात, ते फक्त विचारल्यावर कळतं, तेव्हा सरळ विचारा, आडून आडून नको. "साहेब, ह्या वर्षी गाळ्यातून काय काय बाहेर गेलं?" एवढा एक प्रश्न. विकलं का असं विचारलं तर बरेच जण नाही म्हणतात, कारण भंगारात देणं, भावाला देणं, एक्सचेंजमध्ये देणं हे त्यांच्या लेखी विकणं नसतं.

रजिस्टर घेऊन गाळ्यात फिरा

ह्याला अर्धा दिवस जातो पण ह्याच्याइतकं दुसरं काही उपयोगी पडत नाही. रजिस्टरची प्रिंट घ्यायची, पेन घ्यायचं आणि प्रत्येक मशीनची नेमप्लेट वाचायची. नेमप्लेटवर मेकरचं नाव आणि सिरीयल नंबर कोरलेला असतो, तेलाने आणि धुळीने काळा झालेला असतो, फडक्याने पुसला की दिसतो. तो नंबर खरेदीच्या बिलावर असतो, दोन्ही जुळले तरच टिक करायची. एकाच मॉडेलची दोन मशीनं असतील तर हे केल्याशिवाय कुठलं विकलं ते कळतच नाही, आणि २०१५ चं विकलेलं असताना पुस्तकातून २०२१ चं काढलं जातं, म्हणजे तोट्याचा आकडा भलताच येतो. टिक करून झालं की ऑइल पेंटने मशीनवर आपला नंबर घालून टाका आणि तोच रजिस्टरमध्ये लिहा.

पोटमाळ्यावर जरूर चढा. तिथे बंद यूपीएस, जुने मॉनिटर, मोटर काढून घेतलेलं एखादं मशीन प्लॅस्टिकखाली पडलेलं असतं. ते विकलेलं नाही पण वापरातही नाही. अकाउंटिंग स्टँडर्ड १० प्रमाणे वापरातून काढून विकायला ठेवलेली वस्तू पुस्तकी किंमत किंवा विकून हातात येईल ती रक्कम, ह्यातलं जे कमी असेल त्यावर आणायची आणि फरक लगेच नफातोट्यात टाकायचा. ज्या वस्तू गाळ्याबाहेर आहेत त्यांची पण यादी करा, भिवंडीच्या गोडाऊनला पाठवलेलं रॅकिंग, लॉकडाऊनमध्ये स्टाफला घरी दिलेले लॅपटॉप. नोकरी सोडून गेलेल्या माणसाकडे राहिलेला लॅपटॉप रजिस्टरमध्ये वर्षानुवर्षं जिवंत असतो.

कॉम्प्युटर, प्रिंटर, यूपीएस टाकायचे असतील तर रद्दीवाल्याला देऊ नका. ई-कचऱ्याचे २०२२ चे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत, रजिस्टर्ड रिसायकलरला द्या, आणि त्याच्याकडून मिळणारा कागद फाइलला लावा. वस्तू खरंच गेली ह्याचा तो पुरावा आहे, राइट ऑफ करताना, म्हणजे वस्तू पुस्तकातून काढून टाकताना, तोच दाखवायचा. लोखंडी भंगाराला वजनकाट्याची पावती तेच काम करते.

तारीख आणि मूळ किंमत

आता गणिताकडे. घसारा बिलाच्या तारखेपासून नाही, वस्तू वापरायला तयार झाली तेव्हापासून. इन्कम टॅक्समध्ये तर प्रत्यक्ष वापरात आली का हे बघतात, आणि ज्या वर्षी घेतली त्याच वर्षी १८० दिवसांपेक्षा कमी वापरली असेल तर अर्धाच रेट मिळतो. साधारण ३ ऑक्टोबरपर्यंत चालू झालेलं मशीन पूर्ण रेटला बसतं, त्यानंतरचं अर्ध्या. दसऱ्याला बिल केलेलं मशीन दिवाळीनंतर गाळ्यात येतं, थ्री फेज कनेक्शन मिळायला अजून महिना जातो, मग बिलाची तारीख धरून पूर्ण घसारा लावणारे इथेच अडकतात. इन्स्टॉलेशनचा रिपोर्ट किंवा पहिल्या जॉबचं चलन जपून ठेवा.

किमतीत काय धरायचं? मशीनची किंमत, टेम्पो, क्रेन, हमाली, फाउंडेशन, फिटिंग हे सगळं धरायचं. खर्चात टाकलं असेल तर बाहेर काढा. जीएसटीचं क्रेडिट घेतलं असेल, म्हणजे खरेदीवर भरलेला जीएसटी आपल्या विक्रीवरच्या जीएसटीतून वजा केला असेल, तर जीएसटी किमतीत धरायचा नाही, क्रेडिट पण आणि त्यावर घसारा पण असं दोन्हीकडून खाता येत नाही, कायदा घसारा घेतला तर क्रेडिट नाकारतो. लोनवर घेतलं असेल तर घसारा पूर्ण किमतीवर, भरलेल्या हप्त्यांवर नाही, आणि मशीन चालू झाल्यानंतरचं व्याज हा त्या त्या वर्षाचा खर्च. हप्ताच्या हप्ता मशिनरी खात्याला डेबिट मारलेला मी इतक्या ठिकाणी बघितलाय की आता ते खातं उघडल्यावर सारखेच बारा आकडे दिसतात का हेच आधी बघतो. आणि एका दिवसात एकाला १०,००० च्या वर कॅश दिली असेल तर ती रक्कम टॅक्ससाठी किमतीत धरली जात नाही, म्हणजे तिच्यावर घसारा कधीच मिळणार नाही.

एक्सचेंजमध्ये दिलेली वस्तू

हे वेगळं लिहितोय कारण इथे बिल स्वतःच फसवतं. नवीन प्रिंटर ६०,००० चा, जुन्याचे १२,००० वजा, हातात ४८,००० चं पेमेंट. अकाउंटंट ४८,००० ला नवीन प्रिंटर घेतो आणि जुना तसाच राहतो. खरं म्हणजे नवीन वस्तू ६०,००० ला आणायची आणि जुनी १२,००० ला विकल्याची वेगळी एन्ट्री करायची. खरेदीच्या बिलांमध्ये बायबॅक, एक्सचेंज असे शब्द शोधा, वस्तू हरवल्याची निम्मी कोडी तिथेच सुटतात.

दोन तक्ते, दोन हिशोब

कंपनी असेल तर पुस्तकांसाठी कंपनी कायदा २०१३ चं शेड्यूल दोन: वस्तूचं आयुष्य धरायचं, कॉम्प्युटर ३ वर्षं, ऑफिस इक्विपमेंट ५, फर्निचर १०, साधारण मशिनरी १५, आणि शेवटी उरणारी किंमत सहसा ५ टक्के. घटत्या शिलकीने कॉम्प्युटरचा रेट ६३.१६ टक्के येतो, मशिनरीचा १८.१०. इन्कम टॅक्समध्ये मात्र ब्लॉक असतो, म्हणजे एकाच प्रकारच्या, एकाच रेटच्या वस्तू एकत्र धरतात, कॉम्प्युटर ४० टक्के, मशिनरी १५, फर्निचर १०. हे दोन्ही एकाच शीटमध्ये ठेवले की कधी ना कधी एकाचा आकडा दुसऱ्यात जातोच. दोन वेगळ्या शीट करा. प्रोप्रायटरी धंद्यात बरेच जण पुस्तकातही टॅक्सचेच रेट वापरतात, ते चालतं, पण विकताना दोन्ही हिशोब वेगळे होतात हे लक्षात असू द्या.

विकल्याची एन्ट्री

एक उदाहरण पूर्ण करून दाखवतो. कटिंग मशीन ३,८०,००० आणि आणणं, बसवणं २०,०००, एकूण ४,००,०००. बिल १ एप्रिल २०२२, त्याच आठवड्यात चालू. पुस्तकात घटत्या शिलकीने १५ टक्के. पहिल्या वर्षी ६०,०००, दुसऱ्या वर्षी ५१,०००, तिसऱ्या वर्षी ४३,३५०. ३१ मार्च २०२५ ला शिल्लक २,४५,६५०. मशीन ३० सप्टेंबर २०२५ ला १,७५,००० अधिक १८ टक्के जीएसटीने विकलं.

आधी विकेपर्यंतच्या सहा महिन्यांचा घसारा लावायचा, १८,४२४. ही पायरी सगळे विसरतात. आता साचलेला घसारा १,७२,७७४ आणि पुस्तकी किंमत २,२७,२२६. तोटा ५२,२२६. एन्ट्री अशी: बँक डेबिट २,०६,५००, साचलेला घसारा डेबिट १,७२,७७४, मशीन विक्रीवर तोटा डेबिट ५२,२२६, मशिनरी क्रेडिट ४,००,०००, आउटपुट जीएसटी क्रेडिट ३१,५००. दोन्ही बाजू ४,३१,५००. ह्यानंतर त्या मशीनचं खातं आणि त्याचा साचलेला घसारा, दोन्ही शून्य झाले पाहिजेत. एक जरी आकडा उरला तर कुठलीतरी बाजू राहिली आहे. फक्त विक्रीची रक्कम मशिनरी खात्याला क्रेडिट मारून सोडली की वरच्या लक्षणांतली निम्मी लक्षणं तयार होतात.

टॅक्समध्ये हा ५२,२२६ चा तोटा मिळत नाही. तिथे १,७५,००० मशिनरीच्या पूर्ण ब्लॉकमधून वजा होतात आणि उरलेल्या ब्लॉकवर १५ टक्के चालू राहतात. म्हणून इन्कमचं कॉम्प्युटेशन करताना पुस्तकी घसारा आणि हा तोटा दोन्ही नफ्यात परत जोडायचे आणि टॅक्सचा घसारा वजा करायचा. हे राहिलं की घसारा एकदा पुस्तकातून आणि एकदा टॅक्समधून असा दोनदा जातो, आणि नोटीस येण्याचं हे सरळ कारण आहे.

जीएसटी किती भरायचा

इथे पैशाचा खरा फटका बसतो म्हणून नीट वाचा. ज्या मशीनचं क्रेडिट घेतलंय ते विकताना दोन आकडे काढायचे आणि जो मोठा तो भरायचा. पहिला, विक्रीच्या किमतीवरचा टॅक्स. दुसरा, मूळ क्रेडिटमधून बिलाच्या तारखेपासून प्रत्येक तिमाहीला, अर्धवट तिमाही पण पूर्ण धरून, ५ टक्के कमी करत जे उरतं ते. आपल्या उदाहरणात मशीनच्या बिलावरचं क्रेडिट ६८,४००, तिमाही १४, म्हणजे ७० टक्के गेले, उरले २०,५२०. विक्रीवरचा टॅक्स ३१,५००, तो मोठा, तोच भरला. पण हेच मशीन भंगाराच्या भावाने ५०,००० ला दिलं असतं तर बिलावर टॅक्स फक्त ९,००० आणि भरायला लागले असते २०,५२०, म्हणजे ११,५२० स्वतःच्या खिशातून. म्हणून नवं मशीन घाईने भंगारात काढायच्या आधी हा हिशोब शेठला दाखवा. साचे आणि डाय, जिग, फिक्स्चर भंगारात दिले तर मात्र फक्त विक्रीच्या किमतीवर टॅक्स चालतो.

चोरी झालेली, जळालेली किंवा राइट ऑफ केलेली वस्तू असेल तर क्रेडिट परत करावं लागतं, हे जवळजवळ कोणीच करत नाही. गाडीचं वेगळं आहे, क्रेडिट घेतलं नसेल आणि घसारा घेतला असेल तर विक्रीची किंमत आणि इन्कम टॅक्सप्रमाणे उरलेली किंमत ह्यातल्या फरकावरच टॅक्स, फरक उणे असेल तर काही नाही.

विक्री जीएसटी रिटर्नमध्ये दाखवायची पण पुस्तकात सेल्समध्ये नाही, त्यामुळे टर्नओव्हरमध्ये तेवढा फरक राहणारच. तो शोधत बसू नका, जुळवणीच्या शीटमध्ये एक ओळ लिहून ठेवा. आणि विकताना एका माणसाकडून २ लाख किंवा त्याच्या वर कॅश घेऊ नका, त्यावर तेवढाच दंड आहे.

इथे थांबा आणि सीएला फोन करा

चूक ज्या वर्षातली आहे त्या वर्षाचं रिटर्न भरून झालं असेल तर मागच्या तारखेत एन्ट्री टाकायची नाही. कितीही छोटी वाटली तरी नाही. ती ह्या वर्षात कशी दाखवायची, रिटर्न सुधारता येतं का, हे सीए ठरवेल. कंपनी असेल तर हे दुप्पट लागू, कारण पुस्तकांवर ऑडिटरची सही आहे.

विक्रीच्या पैशांमुळे टॅक्सचा ब्लॉक उणे जात असेल, किंवा ब्लॉकमधली शेवटची वस्तू विकली असेल, तर थांबा. तिथे घसारा संपतो आणि शॉर्ट टर्म कॅपिटल गेन किंवा लॉसचा हिशोब सुरू होतो, तो एक्सेलमध्ये अंदाजाने करायचा विषय नाही. मशीन बँकेकडे तारण असेल तर विकायच्या आधीच थांबा, बँकेचं ना हरकत पत्र नसताना विकलेलं मशीन हा हिशोबाचा प्रश्न राहत नाही. पावसाच्या पाण्यात गेलेलं मशीन आणि त्याचा इन्शुरन्स क्लेम, आग, चोरी, पूर्ण युनिट एकत्र विकणं, घरच्याच दुसऱ्या फर्मला मशीन देणं, ह्या सगळ्यात टॅक्स आणि जीएसटी दोन्हीचे वेगळे नियम लागतात. नोटीस आली असेल तर उत्तर स्वतः टाइप करू नका. आणि नवीन इन्कम टॅक्स कायदा २०२५, जो १ एप्रिल २०२६ पासून लागू आहे, त्यात कलमांचे नंबर बदललेत, तेव्हा जुन्या कलमाचा नंबर टाकून कुठे काही लिहून देण्याआधी विचारा.

सीएकडे जाताना रिकाम्या हाताने जाऊ नका, नाहीतर त्याची फी शोधाशोधीत जाते. खरेदीचं बिल, सिरीयल नंबर, चालू केल्याचा कागद, विक्रीचं बिल किंवा काट्याची पावती, मागच्या वर्षाचे दोन्ही तक्ते आणि गाळ्यात फिरून टिक केलेली ती प्रिंट, एवढं एका फाइलला लावून न्या. ज्या ओळीपुढे टिक नाही तिच्यापुढे शेठने काय सांगितलं ते पेनाने लिहा, "२०२३ ला भावाला दिलं" असं असेल तर तसंच लिहा, त्यावरच त्याला पुढचं ठरवता येतं.